भारतीय दूरदर्शनचा इतिहास आणि शिक्षकाचे स्थान

पाठाचा हेतू

दूरचित्रवाणीचा संच आता खेड्यापाड्यांतील घरांतही नवलाईचा राहिलेला नाही. मुले शाळेत येण्यापूर्वीच त्याच्या पडद्याशी परिचित झालेली असतात. तथापि हा पडदा आपल्या देशात कोणी व कशासाठी आणला, त्याच्यामागे कोणती अपेक्षा होती आणि ती कितपत फळास आली, याची माहिती विद्यार्थ्यांस नसते. शिक्षकांसही ती क्वचितच एकत्र वाचावयास मिळते. भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ करमणुकीसाठी झालेला नसून शिक्षणासाठी झालेला आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. सरकारी मालकीच्या या देशव्यापी यंत्रणेचा इतिहास म्हणूनच शिक्षकाच्याही जिव्हाळ्याचा ठरतो. यंत्र आले म्हणजे शिक्षकाचे काम कमी होते की वाढते, या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासात सापडते.

पूर्वपीठिका : नभोवाणीची शेतकरी मंडळे

दूरचित्रवाणीच्या आधी नभोवाणीचा एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. गावकरी एकत्र बसून तो ऐकत आणि कार्यक्रम संपल्यावर त्यावर चर्चा करीत. चर्चेत निघालेले प्रश्न केंद्राकडे कळविण्यात येत व पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे देण्यात येत.

या प्रयोगाची पद्धतशीर पाहणी करण्यात आली. ज्या गावांत मंडळे होती तेथील लोकांच्या ज्ञानात ठळक वाढ झालेली आढळली. ज्या गावांत रेडिओ होता परंतु मंडळ नव्हते, तेथे अशी वाढ अल्प होती. ज्ञान केवळ कानावर पडून मुरत नाही, त्याचे मंथन व्हावे लागते, हा या पाहणीचा मथितार्थ होय. पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली याच एका निष्कर्षात आहे.

दिल्लीतील आरंभ

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे भारतातील दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. आकाशवाणी भवनात एक तात्पुरते चित्रीकरणगृह उभारले होते. प्रक्षेपक लहान होता. त्याचे क्षेत्र दिल्ली व तिच्या सभोवारच्या सुमारे ४० किलोमीटरांपुरते मर्यादित होते. कार्यक्रम आठवड्यातून दोनच दिवस होत. या आरंभीच्या काळात काम केलेल्या मंडळींत मराठीचे ख्यातनाम लेखक पु. ल. देशपांडे यांचाही समावेश होता.

त्या वेळी खाजगी घरांत संच जवळजवळ नव्हतेच. युनेस्कोच्या मदतीतून मिळालेले संच सार्वजनिक ठिकाणी बसविण्यात आले व त्यांच्याभोवती प्रेक्षकमंडळे उभी राहिली. रहदारीचे नियम, सार्वजनिक आरोग्य, अन्नातील भेसळ, नागरिकाची कर्तव्ये असे कार्यक्रमांचे विषय असत. कार्यक्रम पाहावयाचा व नंतर त्यावर बोलावयाचे, ही पुण्याच्या शेतकरी मंडळांचीच रीत येथेही अवलंबिण्यात आली.

१९६१ साली फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने दिल्लीतील माध्यमिक शाळांसाठी शालेय दूरचित्रवाणी सुरू झाली. अनेक शाळांत प्रयोगशाळा नव्हत्या आणि शास्त्रविषयांच्या प्रशिक्षित शिक्षकांचा तुटवडा होता. जो प्रयोग शाळेत करून दाखविता येत नव्हता तो पडद्यावर दाखवावा, हा त्यामागील हेतू होता. पाठ पडद्यावर होई. परंतु त्याची प्रस्तावना व उजळणी करण्याची जबाबदारी वर्गशिक्षकाकडेच ठेवलेली होती.

१९६५ साली दिल्लीत दैनंदिन प्रक्षेपण सुरू झाले. २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषिदर्शन' हा शेतकऱ्यांसाठी असलेला कार्यक्रम सुरू झाला. दिल्लीच्या परिसरातील ८० गावांत त्यासाठी सार्वजनिक संच बसविण्यात आले होते. शहरापासून आरंभ झालेला पडदा अशा रीतीने प्रथमच शेताच्या बांधापर्यंत पोहोचला.

मुंबई केंद्र आणि मराठी कार्यक्रम

दिल्लीबाहेरचे पहिले केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई येथे सुरू झाले. वरळी येथील उंच मनोरा हे त्याचे दर्शनी चिन्ह ठरले. १९७३ साली सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणे व आसपासच्या भागास मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले.

येथे विद्यार्थ्यांना एक शास्त्रीय तत्त्व समजावून देता येते. दूरचित्रवाणीसाठी वापरण्यात येणाऱ्या लहरी प्रकाशाप्रमाणे बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे व मधल्या डोंगरांमुळे त्या अडतात. म्हणूनच प्रक्षेपक उंच मनोऱ्यावर किंवा गडाच्या माथ्यावर बसवावा लागतो. टेकडीवर उभ्या असलेल्या गुराख्यास जसा दूरचा मुलूख दिसतो, तसेच हे आहे.

मुंबई केंद्राने मराठी भाषेस पडद्यावर प्रतिष्ठेचे स्थान मिळवून दिले. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम, 'ज्ञानदीप', साहित्यिक व कलावंतांची ओळख करून देणारा 'प्रतिभा आणि प्रतिमा', मुलांसाठी 'किलबिल' हे कार्यक्रम लोकप्रिय झाले. त्यांतही 'ज्ञानदीप'चे उदाहरण शिक्षकांनी अभ्यासण्याजोगे आहे. त्याच्या प्रेरणेने प्रेक्षकांची ज्ञानदीप मंडळे निघाली व कार्यक्रमात पाहिलेल्या विषयावर चर्चा आणि प्रत्यक्ष कार्य होऊ लागले. पाहणाऱ्यास करावयास लावणे, हे लोकशिक्षणाचे खरे लक्षण होय.

उपग्रहाचा महाप्रयोग

एकेक मनोरा उभारून सारा देश व्यापण्यास दीर्घ काळ लागला असता. डॉ. विक्रम साराभाई यांनी निराळा विचार मांडला. आकाशात विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे तो पृथ्वीवरून एका जागी स्थिर भासतो. त्याच्याकडे पाठविलेले चित्र तो परत पाठवितो व त्याखालील विशाल प्रदेशास ते एकाच वेळी मिळते. मध्ये डोंगर असो वा नदी, त्याची अडचण उरत नाही. ज्या खेड्यास रस्ता पोहोचलेला नाही, त्यासही शिक्षण आधी पोहोचू शकेल, अशी ही कल्पना होती.

१९६९ साली अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेशी करार झाला. डॉ. साराभाई यांचे १९७१ च्या डिसेंबरात निधन झाले. परंतु त्यांचे कार्य थांबले नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्षभर हा उपग्रह-दूरचित्रवाणी-प्रयोग चालला. 'साइट' या नावाने तो ओळखला जातो. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे त्यासाठी निवडलेली होती. महाराष्ट्राचा त्यात अंतर्भाव नव्हता. तथापि आपल्या सीमेला लागून असलेल्या विजापूर व गुलबर्गा या जिल्ह्यांतील गावे त्यात होती.

तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची थाळी, तिला जोडलेला संच आणि समोर जमिनीवर बसलेले गावकरी, असे या प्रयोगाचे दृश्य असे. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालविण्यात आले. सकाळी दीड तास पाच ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी कार्यक्रम होई. हिंदी, ओडिया, तेलुगू व कन्नड या चार भाषांपैकी प्रत्येकीच्या वाट्यास सुमारे २२ मिनिटे येत. सायंकाळी अडीच तास प्रौढांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन इत्यादी विषयांवरील कार्यक्रम असत.

याच प्रयोगात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने प्राथमिक शिक्षकांसाठी शास्त्र-अध्यापनाचे शिबिर योजिले होते. पडद्यावरील पाठ, नभोवाणी, छापील पुस्तिका, हाताने करावयाचे प्रयोग व गटचर्चा यांचा त्यात मेळ घातलेला होता. दोन सत्रांत मिळून चाळीस हजारांहून अधिक शिक्षकांनी त्याचा लाभ घेतला. इतक्या मोठ्या संख्येने खेड्यातील शिक्षकांस एकाच वेळी, आपल्या गावाजवळच राहून प्रशिक्षण मिळणे, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती.

पाहणीचे निष्कर्ष संमिश्र होते. शाळेतील उपस्थितीत फारसा फरक पडला नाही. मात्र मुलांच्या भाषाविकासात आणि अधिक जाणून घेण्याच्या उत्सुकतेत लाभ दिसून आला. निरक्षर प्रौढांस, विशेषतः स्त्रियांस, आरोग्यविषयक ज्ञान मिळाले. मुलास शाळेत आणण्याचे काम पडदा करू शकला नाही. शाळेत आलेल्या मुलाची जिज्ञासा जागविण्याचे काम मात्र त्याने केले. शिक्षकाने हा भेद नीट ओळखला पाहिजे.

३१ जुलै १९७६ नंतर उसना घेतलेला उपग्रह परत गेला. त्यानंतर काही भागांत जमिनीवरील प्रक्षेपक उभारून कार्यक्रम चालू ठेवण्यात आले. इतर गावांतील पडदे मात्र अंधारले. ज्या गावांनी वर्षभर सायंकाळी एकत्र बसण्याची सवय लावून घेतली होती, त्यांस याचे वाईट वाटले असल्यास नवल नाही. साधन दुसऱ्याचे असेल तर शिक्षणाचे सातत्य टिकत नाही, हा धडा देशाने यातून घेतला.

याच सुमारास गुजरातमधील खेडा जिल्ह्यात पीज येथे एक लहान प्रक्षेपक सुरू झाला होता. तेथील कार्यक्रम त्या भागाच्या बोलीत असत, विषय गावकऱ्यांच्या अडचणींतून घेतलेले असत व भूमिकाही पुष्कळदा गावकरीच करीत. या प्रकल्पास १९८४ साली युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला. आपल्या माणसाने आपल्या भाषेत सांगितलेले मनाला भिडते, हे तत्त्व त्यातून सिद्ध झाले.

स्वतंत्र संस्था, रंग आणि विस्तार

१ एप्रिल १९७६ रोजी दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून वेगळी करण्यात आली व तिला 'दूरदर्शन' हे नाव मिळाले. त्याच वर्षी जाहिरातींसही परवानगी देण्यात आली होती. पुढील वळणाची बीजे यात होती.

१५ ऑगस्ट १९८२ पासून देशव्यापी राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्या वर्षी दिल्लीत भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धा देशभर दाखविण्यात आल्या. ३० ऑगस्ट १९८३ रोजी सोडण्यात आलेल्या 'इन्सॅट-१ बी' या उपग्रहाने देशास स्वतःचे कायमचे साधन दिले. त्यानंतर प्रक्षेपकांची संख्या झपाट्याने वाढली. १९८४ साली तर काही काळ सरासरीने दररोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता.

७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' ही मालिका सुरू झाली. कुटुंबनियोजन व स्त्रियांचा दर्जा यांविषयी लोकमत घडविण्याचा तिचा उद्देश होता. प्रत्येक भागाच्या शेवटी ज्येष्ठ नट अशोककुमार येऊन कथेचे तात्पर्य समजावून सांगत. गोष्ट सांगून झाल्यावर तिच्यावर बोलणारे कोणी वडीलधारे माणूस हवे, ही गरज येथेही दिसते. पुढे 'रामायण' १९८७ ते १९८८ व 'महाभारत' १९८८ ते १९९० या काळात प्रसारित झाले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि ज्याच्या घरी संच असे त्याच्या ओटीवर अवघी आळी जमे. पंडित नेहरूंच्या ग्रंथावर आधारलेली 'भारत एक खोज' ही मालिकाही १९८८ सालचीच.

विस्तार झाला तसा हेतूही पालटला. जाहिरातदारास अधिक प्रेक्षक हवा असतो आणि करमणूक त्यास प्रेक्षक मिळवून देते. शेती, शाळा व आरोग्य यांचे कार्यक्रम बंद झाले नाहीत. परंतु ते मध्यभागातून कडेला सरकले. सार्वजनिक संचाभोवती बसलेले मंडळ मोडले व प्रत्येक कुटुंब आपापल्या संचासमोर बसू लागले. संच वाढले, चर्चा मात्र घटली.

बालचित्रवाणी

स्वतःचा उपग्रह मिळाल्यावर प्राथमिक शाळांसाठी कार्यक्रम तयार करण्याची योजना आखण्यात आली. तीनुसार पुणे येथे १९८४ साली महाराष्ट्राची राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. 'बालचित्रवाणी' या नावाने ती घरोघर परिचित झाली. गोष्टी, गाणी, बाहुल्या, सोपे प्रयोग, इतिहासातील प्रसंग यांच्याद्वारे तिने पाठ्यविषय मराठीत सुगम करून दाखविले. पुष्कळ शाळांत संच कपाटात कुलूपबंद राहिले. कोठे वीज नसे, कोठे प्रक्षेपणाची वेळ व शाळेचे वेळापत्रक जुळत नसे. जेथे शिक्षकाने वेळ जुळवून घेतली, तेथे मात्र मुलांस या कार्यक्रमांची गोडी लागली.

केंद्राकडून येणारे अनुदान थांबल्यानंतर संस्थेची स्थिती बिकट झाली आणि २०१७ साली ती बंद करण्यात आली. मराठी मुलांसाठी अविरत कार्यक्रम निर्माण करणारी यंत्रणा अशा रीतीने अस्तास गेली. तिची उणीव लवकरच भासावयाची होती.

स्पर्धेचा काळ

१९९१ नंतर परदेशी व खाजगी वाहिन्या तारांवाटे घरात आल्या. दूरदर्शनची मक्तेदारी संपली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा महत्त्वाचा निर्णय दिला. त्या लहरी ना सरकारच्या, ना धनिकांच्या. १९९० साली संमत झालेला प्रसार भारती कायदा १९९७ साली अमलात आला व आकाशवाणी आणि दूरदर्शन प्रसार भारती या महामंडळाकडे सोपविण्यात आली. मुंबईची मराठी वाहिनी पुढे 'सह्याद्री' या नावाने ओळखली जाऊ लागली. डिसेंबर २००४ मध्ये मासिक वर्गणी न आकारणारी, छपरावरील लहान थाळीद्वारे मिळणारी दूरदर्शनची सेवा सुरू झाली. शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र वाहिनी २६ मे २०१५ रोजी सुरू झाली, तर २०१७ साली 'स्वयंप्रभा' हा शैक्षणिक वाहिन्यांचा समूह सुरू करण्यात आला.

२०२० ची कसोटी

२०२० साली कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. शहरात भ्रमणध्वनीवरून पाठ सुरू झाले. परंतु खेड्यात प्रत्येक घरी तसे यंत्र नव्हते, असले तर ते वडिलांबरोबर कामावर जाई, आणि माळावर गेल्याशिवाय त्यास लहरी मिळत नसत. अशा वेळी जुना पडदा पुन्हा उपयोगी पडला. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मराठी मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवरून दाखविण्यात आली. घरातील वस्तू घेऊन व घरातील माणसांना सोबत घेऊन शिकावे, असे तिचे स्वरूप होते.

ज्यांच्या घरी संचही नव्हता, त्या मुलांची समस्या मात्र पडद्याने सुटली नाही. ती सोडविली ती पारावर, देवळाच्या ओवरीत, वाडीवस्तीवर जाऊन चार-चार मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकांनी. १९५६ साली पुणे केंद्राच्या प्रयोगात जे दिसले, तेच २०२० साली पुन्हा दिसले. यंत्र आवाज पोहोचविते. त्यास अर्थ देण्यासाठी माणूस लागतो. जे मूल यंत्राच्या कक्षेबाहेर राहते, त्याचा शोध तर केवळ शिक्षकच घेऊ शकतो.

वर्गात करावयाचे कार्य

पडद्यावरील कोणताही पाठ दाखविताना पुढील तीन पायऱ्या पाळाव्यात.

१. पूर्वतयारी : विषय आधी समजून घ्यावा. फळ्यावर दोन-तीन प्रश्न लिहावेत व त्यांची उत्तरे शोधण्यासाठी पाहावयाचे आहे, हे मुलांस सांगावे. 'पाण्याचे चक्र' हा विषय असल्यास 'विहिरीचे पाणी उन्हाळ्यात कोठे जाते?' असा परिचित प्रश्न विचारावा. कठीण शब्दांचा अर्थ आधीच द्यावा.

२. अवलोकन : लहान मुले पुढे, उंच मुले मागे अशी बैठक असावी. संचावर थेट उजेड पडू देऊ नये. शिक्षकाने खोली सोडून जाऊ नये. कोणत्या प्रसंगी मुले पुढे झुकतात व कोठे चुळबुळ करतात, हे टिपून ठेवावे. पुढील प्रश्न त्यावरूनच काढता येतात.

३. उत्तरकार्य : जितका वेळ पाहिले, किमान तितकाच वेळ बोलणे, लिहिणे व करणे यांस द्यावा. पाण्याच्या चक्राच्या पाठानंतर तांब्यात गरम पाणी घेऊन त्यावर थंड ताटली धरावी व तिच्या तळाशी जमणारे थेंब मुलांस दाखवावेत. पडद्यावर पाहिलेले हाताने केले म्हणजेच ते आपले होते.

इतिहासाच्या तासाला वर्गाच्या भिंतीलगत एक दोरी बांधावी. दर दहा वर्षांस एक हात असे माप धरून १९५९, १९७२, १९७५, १९८२, १९९७ व २०२० या वर्षांच्या चिठ्ठ्या तीवर लावाव्यात. मुलांनी घरातील आजी-आजोबांस, 'गावात पहिला संच कोणाच्या घरी आला? तो पाहावयास कोण कोण जात असे?' असे विचारून यावे व त्या वर्षाची चिठ्ठी दोरीवर योग्य जागी लावावी. देशाच्या इतिहासात आपल्या गावाचेही स्थान आहे, ही जाणीव त्यातून निर्माण होईल.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

१. रेडिओ असून मंडळ नसलेल्या गावांत ज्ञानाची वाढ अल्प का झाली असावी?

२. १९८२ नंतर संच वाढले. त्याबरोबर शिक्षणही वाढले काय? आपल्या गावाच्या अनुभवावरून सांगा.

३. खेडा जिल्ह्यातील कार्यक्रमांप्रमाणे आपल्या भागाच्या बोलीत कोणता विषय मांडता येईल?

४. आपल्या वर्गातील कोणत्या मुलांच्या घरी आजही शिक्षणाचे कोणतेच यंत्र नाही? त्यांची यादी प्रत्येक शिक्षकाने वर्षारंभी करावी आणि शाळा पुन्हा कधी काळी बंद ठेवण्याचा प्रसंग आलाच, तर त्यांच्यापर्यंत कोण व कसे जाणार, हे आजच ठरवून ठेवावे.